लिनक्स डेस्कटॉपचे इफेक्ट्स: कोणते ठेवावेत, कोणते काढावेत?

या वेळच्या पत्रांमध्ये एक समज पुन्हा पुन्हा दिसला. मशीन मंद वाटले की लोक आधी इफेक्ट्स, म्हणजे विंडोच्या सावल्या आणि हालचाली, बंद करतात आणि मशीन चांगले वाटले की दिसेल तो इफेक्ट लावतात. इफेक्ट कामाचा आहे की नाही, हे विचारायचे राहूनच जाते.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपमध्ये 8 जीबी रॅम आणि एनव्हीडियाचे कार्ड आहे. लिनक्स मिंट सिनॅमन टाकताना स्क्रीन काळी पडत होती, म्हणून कम्पॅटिबिलिटी मोडमधून इन्स्टॉल केले. आता विंडो ओढली की ती अडखळत येते आणि पंखा थांबत नाही. सगळे इफेक्ट्स बंद केले तरी फरक पडला नाही. एखादी हलकी डिस्ट्रो घ्यावी का?
— एक वाचक, मिरज

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, बदलू नका. दुखणे इफेक्ट्सचे नाही, म्हणूनच ते बंद करून फरक पडला नाही.

सिनॅमन या तुमच्या डेस्कटॉपमध्ये प्रत्येक विंडो आधी मेमरीत स्वतंत्र रंगवली जाते. मग कंपोझिटर सगळ्या विंडो एकावर एक रचून तयार चित्र स्क्रीनला देतो. सावली, पारदर्शकता, विंडो हलकेच विरून जाणे हे सगळे या रचण्याच्या वेळी होते. 1920 × 1080 ची स्क्रीन आणि दर पिक्सेलला 4 बाइट धरले तर एक पूर्ण चित्र सुमारे 8.3 एमबीचे होते. सेकंदाला 60 वेळा म्हणजे जवळपास 500 एमबी, आणि हा हिशेब एकाच थराचा. ग्राफिक्स चिपला हे किरकोळ आहे. पण ती चिप चालवणारा ड्रायव्हर चालत नसेल तर हेच काम प्रोसेसरच्या गळ्यात पडते. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरचे नाव एलएलव्हीएमपाइप. इफेक्ट्स काढले तरी रचण्याचे मूळ काम उरतेच, म्हणून पंखा थांबत नाही.

आधी खात्री करा. मेनूमधून 'सिस्टीम रिपोर्ट्स' उघडा, 'सिस्टीम इन्फर्मेशन'मध्ये जा आणि ग्राफिक्सच्या भागात रेंडरर या शब्दापुढे काय आहे ते पाहा. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसले तर निदान पक्के. लॉगिन केल्यावर सॉफ्टवेअर रेंडरिंग चालू असल्याची सूचनाही सिनॅमन देते. बहुतेक जण ती न वाचताच बंद करतात.

कम्पॅटिबिलिटी मोड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, नोमोडसेट हा शब्द देतो. त्याचा अर्थ, ग्राफिक्सचा नेहमीचा ड्रायव्हर सुरू करू नकोस. इन्स्टॉलच्या वेळी ही अडचणीतली सोय असते, पण पुष्कळदा तो शब्द नंतरही बूटच्या ओळीत राहून जातो.

उपाय या क्रमानेच करा. प्रथम 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून तिथे शिफारस केलेला एनव्हीडिया ड्रायव्हर घाला. सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतील. तो किमान 8 अक्षरांचा हवा, आणि नुसते आकडे घेतलेत तर कीबोर्डच्या मांडणीचा घोळ होत नाही. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येईल आणि कोणतीही कळ दाबण्यासाठी 10 सेकंद मिळतील. कळ दाबा, 'एनरोल मोक', मग 'कंटिन्यू', मग 'येस' निवडा आणि तोच पासवर्ड द्या. ही निळी स्क्रीन हातची सुटली तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही कर्नल त्याला आत घेत नाही. "ड्रायव्हर घातला, पण काही उपयोग नाही" अशा तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असते.

आता नोमोडसेट काढायचे, पण आधी एकदाच काढून पाहा. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा, पहिल्या ओळीवर थांबून 'ई' दाबा, नोमोडसेट एवढाच शब्द खोडा आणि एफ10 दाबा. स्क्रीन काळी पडली तर घाबरू नका. बदल त्या एका बूटपुरता आहे, पॉवरचे बटण दाबून ठेवून बंद केले की पुढच्या वेळी सगळे पूर्ववत. नीट सुरू झाले तर 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'डीफॉल्ट' फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे, ती ॲडमिनच्या हक्काने उघडून तिथूनही तो शब्द काढा. शेजारचे क्वायट, स्प्लॅश हे शब्द आणि अवतरणचिन्हे जशीच्या तशी राहू द्या. फाइल सेव्ह करून टर्मिनलमध्ये सुडो (ॲडमिनचा हक्क देणारा शब्द) लावून अपडेट-ग्रब चालवा. हे शेवटचे पाऊल विसरले तर फाइल बदललेली दिसते, पण बूट जुन्याच पद्धतीने होते.

रेंडररपुढे कार्डाचे नाव आले की बंद केलेले इफेक्ट्स परत लावा. तुमच्या मशीनला ते जड नाहीत.

प्रश्न: 74 वर्षांच्या वडिलांना प्लाझ्मा 6 हा डेस्कटॉप असलेले कुबुंटू लावून दिले आहे. त्यांना माउसचा बाण सापडत नाही, विंडो मिनिमाइझ झाली की "गेली कुठे?" म्हणतात, आणि मध्येच सगळ्या विंडो लहान होऊन पसरतात. सगळे इफेक्ट्स बंद करावेत का?
— एक वाचक, नाशिक

सगळे बंद केलेत तर त्यांची अडचण वाढेल. विंडो क्षणात नाहीशी झाली तर ती कुठे गेली हे डोळ्यांना कळत नाही. नव्याने शिकणाऱ्याला हालचाल दिसणे गरजेचे असते.

'सिस्टीम सेटिंग्ज'मध्ये 'डेस्कटॉप इफेक्ट्स' शोधा आणि मिनिमाइझसाठी 'मॅजिक लॅम्प' निवडा. मग विंडो चिंचोळी होत खालच्या पट्टीतल्या आपल्याच बटणात शिरताना दिसते. दोनचार वेळा पाहिले की ती परत कुठून काढायची हे आपोआप समजते. तिथेच 'डिम इनॲक्टिव्ह' लावा. ज्या विंडोत टाइप होणार ती उजळ राहते, बाकीच्या अंधूक होतात. पासवर्ड भलत्याच ठिकाणी टाइप होण्याचा प्रकार त्याने पुष्कळ कमी होतो. 'वॉबली विंडोज' मात्र काढा. विंडो जेलीसारखी हलते तेव्हा तिच्या कडेचे बंद करायचे बटणही हलते, आणि थरथरत्या हाताला ते पकडणे कठीण जाते.

ॲनिमेशनचा वेग ठरवण्याची पट्टी सेटिंग्जमध्ये ॲनिमेशन हा शब्द शोधल्यावर मिळेल. ती 'इन्स्टंट'कडे नेऊ नका.

बाणासाठी 'कर्सर्स'मध्ये आकार 36 किंवा 48 करा. प्लाझ्मा 6.1 पासून 'शेक कर्सर' हा इफेक्ट आहे. माउस भराभर डावीउजवीकडे हलवला की बाण तेवढ्यापुरता मोठा होतो. बाण हरवल्यावर माणूस माउस तसाच हलवतो, त्यामुळे वेगळे काही शिकवावे लागत नाही. बारीक अक्षर वाचायचे असेल तर मेटा आणि बरोबरच्या चिन्हाची कळ दाबून पूर्ण स्क्रीन मोठी होते, मेटा आणि वजाने लहान, मेटा आणि शून्याने पूर्ववत. मेटा म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ. शून्यवाली जोडी कागदावर लिहून कीबोर्डला चिकटवा, कारण चुकून मोठी झालेली स्क्रीन परत आणता येत नाही, हीच जास्त वेळा येणारी अडचण आहे.

विंडो आपोआप पसरतात त्याचे कारण वरचा डावा कोपरा. बाण तिथे टेकला की 'ओव्हरव्ह्यू' सुरू होतो. सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन एजेस' उघडा, त्या कोपऱ्यावर क्लिक करा आणि 'नो ॲक्शन' निवडा.

खालची पट्टी अर्धपारदर्शक असेल तर पॅनेलच्या सेटिंगमधून ती 'ओपेक' करा. वेबवरच्या साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान 4.5 : 1 असावा असा संकेत आहे. मागे फोटो असलेल्या पारदर्शक पट्टीवर तो पाळला जाईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही, कारण फोटो बदलला की फरकही बदलतो.

प्रश्न: 14 इंची लॅपटॉप, 1920 × 1080, उबंटू. अक्षरे बारीक वाटतात म्हणून स्केलिंग 125 टक्के केले. काही प्रोग्राममध्ये मराठी अक्षरे स्वच्छ दिसतात, काहींत धुरकट. रफार आणि अनुस्वार तर एकमेकांत मिसळतात. फॉन्ट बदलावा का?
— एक वाचक, डोंबिवली

फॉन्टचा दोष नाही. तुमच्या स्क्रीनवर इंचाला साधारण 157 पिक्सेल आहेत, म्हणजे 100 टक्क्यांवर अक्षरे बारीक दिसणारच. उबंटूचा डेस्कटॉप विंडो स्क्रीनवर दाखवण्याच्या वेलँड या पद्धतीवर चालतो. जे प्रोग्राम अजून जुन्या एक्स11 वर बेतलेले आहेत, ते एक्सवेलँड या मधल्या थरातून येतात. 125 टक्क्यांसारख्या अपूर्णांकात अशा प्रोग्रामचे तयार चित्र ताणून बसवले जाते. ताणताना एका पिक्सेलची रेघ शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडते. रोमन अक्षरांत ते खपून जाते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर थोड्याशा जागेत रफार, मात्रा, अनुस्वार दाटीने बसतात. 'सर्वांत' किंवा 'मार्कंडेय' सारखा शब्द पाहा, रफार आणि टिंब एकमेकांना चिकटून असतात, तिथे अर्ध्या पिक्सेलचा फरकही डोळ्याला जाणवतो.

कोणता प्रोग्राम या वाटेने येतो ते ओळखायची एक सोपी खूण आहे. एक्स11-ॲप्स नावाचे पॅकेज घालून एक्सआइज चालवा. दोन डोळे दिसतील. बाण ज्या विंडोवर फिरवताना डोळे त्याच्या मागे फिरतात ती एक्सवेलँडमधून आलेली. डोळे थिजून राहिले तर ती थेट वेलँडची.

तुमच्यासाठी सरळ उपाय असा: 'डिस्प्लेज'मध्ये स्केलिंग परत 100 टक्के करा, आणि 'ॲक्सेसिबिलिटी'तल्या 'सीइंग'मध्ये 'लार्ज टेक्स्ट' चालू करा. त्याने मजकूर सव्वापट होतो, पण अक्षरे मुळातच मोठी रंगवली जातात, ताणली जात नाहीत. बटणांची चित्रे मात्र फारशी वाढत नाहीत, एवढी तडजोड आहे. तुमच्या तक्रारीत ती परवडणारी आहे.

केडीई, म्हणजे वरचा प्लाझ्मा, वापरणाऱ्यांना 'डिस्प्ले'च्या सेटिंगमध्ये जुन्या एक्स11 प्रोग्रामसाठी वेगळा पर्याय मिळतो. तिथे प्रोग्रामने स्वतः स्केल करावे असे निवडा. काही फार जुने प्रोग्राम मग अगदीच बारीक दिसतील, पण धुरकट दिसणार नाहीत.

प्रश्न: कॉलेजात असताना उबंटूवर फिरणारा क्यूब पाहिला होता. चार बाजूंना चार डेस्कटॉप. तो आता मिळतो का, आणि त्याचा काही उपयोग आहे का?
— एक वाचक, मडगाव

तुम्ही पाहिला तो कंपिझचा. नॉव्हेलमधल्या डेव्हिड रेव्हमन यांनी तो 2006 मध्ये पुढे आणला. त्याच वर्षी त्यातून बेरिल ही वेगळी शाखा फुटली आणि 2007 मध्ये दोन्ही प्रवाह कंपिझ फ्यूजन या नावाने पुन्हा एकत्र आले. ऑक्टोबर 2007 च्या उबंटू 7.10 मध्ये योग्य ग्राफिक्स कार्ड असेल तर कंपिझ आपोआप चालू होत असे. अनेकांनी तेव्हा लिनक्स पहिल्यांदा टाकले ते या क्यूबपायी, आणि त्या काळी त्याचे मोल खरेच मोठे होते.

आज हवा असेल तर प्लाझ्मा 6 वापरा. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या या आवृत्तीत क्यूब परत आला. 'व्हर्च्युअल डेस्कटॉप्स'मध्ये आधी डेस्कटॉपची संख्या 4 करा. तीनपेक्षा कमी असतील तर क्यूब बनत नाही, आणि "इफेक्ट चालत नाही" म्हणणाऱ्यांचे घोडे इथेच अडते. मग 'डेस्कटॉप इफेक्ट्स'मध्ये क्यूब निवडून मेटा आणि सी दाबा. इफेक्ट यादीतच नसेल तर केडीई प्लाझ्मा ॲडऑन्स हे पॅकेज घाला.

उपयोगाचे म्हणाल तर, कोणते काम कोणत्या बाजूला ठेवले आहे हे लक्षात राहायला क्यूबची मदत होते. पण रोज पन्नासदा डेस्कटॉप बदलणाऱ्याला त्यापेक्षा 'ओव्हरव्ह्यू' बरा, कारण त्यात सगळे डेस्कटॉप एकदम दिसतात. क्यूबमध्ये मागची बाजू पाहायला फिरवावेच लागते.

प्रश्न: खिडक्यांच्या हालचालीने मला गरगरते. गनोम डेस्कटॉपमध्ये ती पूर्ण थांबवता येते का?
— एक वाचक, सोलापूर

येते. 'ॲक्सेसिबिलिटी'त 'सीइंग' उघडा, ॲनिमेशनची कळ तिथेच आहे. हीच सूचना फायरफॉक्सलाही पोचते, त्यामुळे हालचाल कमी करण्याची सोय ज्या वेबसाइटांनी ठेवली आहे त्यांचीही सरकणारी चित्रे थांबतात. शिवाय 'मल्टिटास्किंग'मधून 'हॉट कॉर्नर' बंद करा. ॲनिमेशन नसले तरी कोपऱ्याला बाण लागून स्क्रीन एकदम बदलली की त्रास होतोच.

प्रश्न: एक्सएफसीई डेस्कटॉपवर व्हिडिओ पाहताना चित्र मधूनच आडवे फाटल्यासारखे दिसते.
— एक वाचक, परभणी

अर्धे चित्र नव्या फ्रेमचे आणि अर्धे जुन्या फ्रेमचे, असे स्क्रीनवर जाते तेव्हा ते फाटते. 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' उघडून 'कंपोझिटर'च्या पानावर कंपोझिटिंग चालू आहे ना ते पाहा. हलके व्हावे म्हणून ते बंद केलेले असेल तर कारण तेच. चालू असूनही फाटत असेल तर 'सेटिंग्ज एडिटर'मध्ये एक्सएफडब्ल्यूएम4 या गटात व्हीब्लँक मोड शोधा आणि त्याची किंमत जीएलएक्स करा. ही सोय 4.14 पासून आहे. लॉगआउट करून परत आत आल्यावर तपासा. जीएलएक्सने स्क्रीन लुकलुकू लागली तर त्याच जागी एक्सप्रेझेंट लिहून पाहा.

प्रश्न: गनोमची नवी आवृत्ती घेतली आणि खालचा डॉक, ब्लर, सगळी एक्सटेन्शन्स गेली. परत कशी आणू?
— एक वाचक, बेळगाव

प्रत्येक एक्सटेन्शन, म्हणजे डेस्कटॉपला जोडायची छोटी पुरवणी, आपण गनोमच्या कोणत्या आवृत्त्यांवर चालतो हे स्वतःच्या फाइलीत लिहून ठेवते. तुमची आवृत्ती त्या यादीत नसेल तर गनोम ते एक्सटेन्शन चालू करत नाही. गनोम दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरात बदलतो. सप्टेंबर 2023 च्या गनोम 45 मध्ये तर एक्सटेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली आणि आधीचे प्रत्येक एक्सटेन्शन नव्याने जुळवून घ्यावे लागले. तपासणी बंद करून जुने एक्सटेन्शन बळेच चालवायचा सल्ला तुम्हाला मिळेल, तो ऐकू नका. एक्सटेन्शन डेस्कटॉपच्या मूळ प्रोग्रामच्या आतच चालते, त्यामुळे ते कोसळले तर वेलँडमध्ये उघड्या सगळ्या विंडोंसकट तुमचे सत्र जाऊ शकते. आता 'एक्सटेन्शन मॅनेजर'मधून नवी आवृत्ती आली आहे का ते पाहा. पुढच्या वेळी अपग्रेडच्या आधीच त्यातला 'अपग्रेड असिस्टंट' चालवा. कोणती एक्सटेन्शन्स तयार आहेत आणि कोणती नाहीत याची यादी तो देतो. डॉकशिवाय तुमचे काम अडत असेल, तर डॉक त्या यादीत तयार दिसेपर्यंत अपग्रेड लांबवा.