तुमचे प्रश्न : बिघाड वायरचा, बोल वाय-फायला

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांतली तक्रार एकाच वाक्यात मावते : ‘नेट नीट चालत नाही.’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. कंपनीच्या राउटरला लॅपटॉप थेट वायरने जोडून पाहा. तिथे सगळं ठीक असेल तर बिघाड घरातला आहे, आणि कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही. खालची सगळी पत्रं घरातल्याच बिघाडांची आहेत.

प्रश्न : खाली कंपनीचा राउटर आहे. वर रेंज येत नाही म्हणून घरातला जुना राउटर वायर ओढून वर लावला. वर नेट चालतं, पण वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडत नाही. (वाचक, सातारा)

खालून आलेली वायर तुम्ही वरच्या राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) पोर्टात लावली आहे, हे नक्की. तो पोर्ट बहुधा निळा किंवा बाकीच्यांपासून थोडा अलग असतो. तिथे वायर लावली की वरचा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटतो. उदाहरणार्थ, खालच्या उपकरणांचे नेटवर्कवरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, तर वरच्यांचे १९२.१६८.० ने. नेट दोन्हीकडे मिळतं. पण ‘प्रिंटर आहे का कुणी?’ अशी जी हाक लॅपटॉप नेटवर्कभर मारतो, ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही.

उपाय एकच. वरच्या राउटरला राउटरपणा सोडायला लावायचा. मेनूत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, की झालं. जुन्या राउटरमध्ये तो नसतो, मग हाताने करावं लागतं. खालून आलेली वायर काढा आणि लॅपटॉप वरच्या राउटरच्या लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टाला जोडा. आधी राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा (आकडे इंग्रजीतच टाइप करायचे). हे खालचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे असं धरून लिहिलं आहे. त्याची डीएचसीपी यादी (उपकरणांना आपोआप वाटायच्या पत्त्यांची) .२ पासूनच सुरू होत असेल, तर यादीबाहेरचा दुसरा पत्ता घ्या. मग नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा आणि शेवटी खालची वायर वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टात लावा. हा क्रम चुकवू नका. डीएचसीपी आधी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि राउटरचं पान उघडणं अवघड होईल. तसं झालंच, तर लॅपटॉपला राउटरच्याच मालिकेतला एखादा पत्ता हाताने देऊन आत शिरा.

बरेच जण वायर लॅनमध्ये लावतात, पण डीएचसीपी बंद करायला विसरतात. मग पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्याला खालच्याकडून पत्ता मिळाला त्याचं नेट चालतं, वरच्याकडून मिळाला त्याचं बंद. मोबाइल पुन्हा जोडला की उलटंही होतं. ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. तपासायला विंडोजच्या कमांड खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवा. डिफॉल्ट गेटवे, म्हणजे नेटकडे जायचा दरवाजा, प्रत्येक ठिकाणी १९२.१६८.१.१ दिसला पाहिजे. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला कुणीच पत्ता दिलेला नाही.

जाता जाता खालच्या राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा. नाहीतर कधीतरी प्रिंटरचा पत्ता बदलेल, लॅपटॉप त्याला ‘ऑफलाइन’ म्हणेल आणि पुन्हा पत्र लिहावं लागेल.

प्रश्न : ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. मोबाइलवर वाय-फायने २५० च्या वर स्पीड येतो, पण कॉम्प्युटरवर वायर लावूनही ९४ च्या पुढे जात नाही. हे उलटं कसं? (वाचिका, नागपूर)

९४ हा आकडाच चोर पकडून देतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून वरखर्च वजा जाता हातात साधारण तेवढंच पडतं. म्हणजे तुमची वायर गिगाबिटवर (१,००० एमबीपीएसवर) न चालता १०० वर चालली आहे.

वायर सोलण्याआधी राउटरचे लॅन पोर्ट आणि कॉम्प्युटरचा पोर्ट गिगाबिटचे आहेत ना, ते पाहा. स्वस्त राउटरमध्ये अनेकदा १०० चेच असतात. दोन्ही ठीक असतील तर दुकानातली तयार दोन मीटरची कॅट-५ई केबल लावून बघा. तिच्यावर स्पीड वाढला तर भिंतीतली वायर दोषी.

या वायरीत चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी नीट बसली नाही, तरी बहुतेक उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात. दोन्ही टोकांचे आरजे-४५ कनेक्टर कापून नवे क्रिंप करा, म्हणजे खास पकडीने दाबून बसवा. क्लिप खाली आणि तारा आपल्याकडून पुढे जाणाऱ्या, असं धरून डावीकडून क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे.

हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बघून अनेकांना हे विचित्र वाटतं. मग ते ‘जोडीला जोडी’ लावतात : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच केलं तर दिवेवाल्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, कारण तार तुटली आहे की नाही एवढंच तो सांगतो. पण ३ आणि ६ या पिना आता एकमेकींभोवती पिळलेल्या नसतात, जोड्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि वायर लांब असेल तर नेट अडखळतं. टेस्टरवर विसंबून वायरमनशी भांडू नका, रंग बघा.

आणखी एक. तारेचं टोक ब्लेडने खरवडून पाहा. आत चंदेरी निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची, म्हणजे सीसीए वायर. ती वाकवताना तुटते, आणि वायरीतूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचत नाही. ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, बदला.

प्रश्न : घरापासून आंब्याच्या पॅकिंग शेडपर्यंत ७० मीटर लॅन केबल टाकली आहे. दरवर्षी मे महिन्यात विजा चमकल्या की एखादा पोर्ट जळतो. (वाचक, देवगड)

लॅन केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेत असूनही ही केबल तिथे नको. वीज केबलवर पडायची गरज नसते. जवळपास कुठे पडली तरी लांब तांब्याच्या तारेत मोठा व्होल्टेज उठतो. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असल्याने तो फरकही केबलमधूनच वाट काढतो. लॅन पोर्टाचं इन्सुलेशन १,५०० व्होल्टच्या चाचणीला उतरतं, विजेपुढे ते काहीच नाही.

फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. सिंगल-मोड ड्रॉप केबल घ्या आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर यांना जोडणारा डबा) लावा. एकाच तंतूवर चालणारे कन्व्हर्टर जोडीने येतात : एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा त्याच्या उलट. दोन्ही ‘ए’ प्रकारचे आणलेत तर लिंकचा दिवा लागणार नाही. एक ‘ए’, एक ‘बी’ हवा. कनेक्टर निळे हवेत. घराघरात येणाऱ्या फायबरचे बहुधा हिरवे असतात, त्यांचं टोक तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याशी ते जुळत नाही. ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असेल तर ती भिंतीबाहेरच कापा, नाहीतर विजेला पुन्हा वाट मिळाली.

मधे झाडं आहेत, त्यामुळे वायरलेसच्या भानगडीत पडू नका. पावसात भिजलेली पानं ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पिऊन टाकतात.

प्रश्न : क्लासमधला १६ पोर्टचा स्विच अचानक वेड्यासारखा लुकलुकतो आणि सगळ्यांचं नेट बंद पडतं. (वाचक, लातूर)

कुणीतरी मोकळं लोंबणारं टोक ‘जागेवर’ लावलं आहे, आणि त्याच केबलचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये आहे. साध्या स्विचला हे वर्तुळ ओळखता येत नाही. एकच संदेश गोल गोल फिरत वाढत जातो. एकेक वायर काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील, ती चोर.

प्रश्न : इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की राउटर रीस्टार्ट होतो. (वाचिका, जळगाव)

इन्व्हर्टर बॅटरीवर जाईपर्यंत क्षणभर वीज तुटते. पंख्याला ते कळत नाही, राउटरला कळतं. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मधे लावा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हवा, नाहीतर वाय-फाय दिसेल पण नेट नसेल. घेताना अडॅप्टरवरचा मजकूर वाचा : व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचं धन टोक आत की बाहेर, तेही तेच.