घरात लहान मूल आहे, मग कानाचं मशीन वापरायचं की नाही?

‘नातवानं सेल गिळला तर?’ या धास्तीनं एका आजींनी मशीन कानात घालणंच सोडलं होतं. सून त्यांना घेऊन आली. मी काहीही विचारलं की आजी हसून मान डोलवायच्या. ऐकू आलं नाही की बरेच जण असंच करतात.

भीती खोटी नव्हती. मशीनमधला हा बटणासारखा गोल सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते, तिथे कॉस्टिक सोड्यासारखा जाळणारा तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. नाकाकानात अडकला तरी धोका तोच. संपलेला सेलही निर्धोक नसतो. मशीन चालवण्याइतका जोर उरला नाही, एवढंच.

पण मशीन कपाटात ठेवून हा धोका टळत नव्हता. ‘जुने सेल कुठे ठेवता?’ असं मी मोठ्यानं विचारल्यावर आजींनी पर्समधून गोळ्यांची डबी काढली. रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी दोन सेल! ‘अहो आई, हे काय?’ सून दचकलीच. मला तर नातवाइतकीच आजींचीही काळजी वाटली, कारण गोळी समजून सेल गिळल्याच्या घटना वयस्कर माणसांत घडतात.

मग सेलच्या कप्प्याला लॉक बसवून घ्यायचं ठरलं. संपलेला सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, उंचावर, तिथून ई-कचऱ्यात. नव्या सेलचा स्टिकर आधीच काढून ठेवायचा नाही. हवा लागली की हा झिंक-एअर प्रकारचा सेल सुरू होतो, स्टिकर परत चिकटवून थांबत नाही. रात्री कप्पा उघडा ठेवतात ते बरोबरच, ओल सुकते. पण तेव्हाच सेल घरंगळतो, म्हणून मशीन बंद डबीतच.

मुलानं सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी त्रास दिसण्याची वाट पाहू नका. उलटी काढू नका, नाकाकानात थेंब घालू नका. सेलचं पाकीट घेऊन, एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय तडक गाठा.

‘त्यापेक्षा चार्जिंगचंच घेऊ का?’ सुनेनं विचारलं. परवडत असेल तर जरूर घ्या, सुटे सेल हाताळणं वाचतं. मात्र चार्जर त्याच मशीनचा वापरा. आणि तेही मुलाच्या हाती लागू देऊ नका. अख्खं मशीन तोंडात घालणारी मुलंही मी पाहिली आहेत.