गुडघ्याची वाटी पुन्हा पुन्हा सरकते तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. मागच्या नवरात्रात गरबा खेळताना फिरकी घेतली आणि डाव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकली. पाय सरळ करताच ती जागेवर बसली. तीन आठवडे पट्टा बांधला, सूज उतरली. गेल्या महिन्यात जिना उतरताना पुन्हा तसंच झालं. ऑपरेशन करावंच लागेल का? यंदा तिला गरब्याला पाठवू का?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : वाटी दुसऱ्यांदा सरकली आणि तीही साधा जिना उतरताना, म्हणजे याला नुसती लचक समजून चालणार नाही. ऑपरेशन लागेलच असं नाही. पण वाटी का सरकते हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढून एक खाच असते. गुडघा साधारण 30 अंश वाकला की वाटी त्या खाचेत नीट बसते. तोवर तिला बाहेर जाऊ न देण्याचं काम मुख्यतः आतल्या बाजूचा एक अस्थिबंध (लिगामेंट, हाडांना जोडणारी चिवट दोरी) करतो. फिरकी घेताना पाऊल रोवलेलं असतं, गुडघा जरासा वाकलेला असतो, मांडी आत वळते आणि पुढचा स्नायू वाटीला बाहेर खेचतो. पहिल्याच वेळी हा अस्थिबंध बहुधा फाटतो आणि सैल भरून येतो. त्यात खाच मुळातच उथळ असेल, वाटी नेहमीपेक्षा वर असेल किंवा अंगाचे सगळेच सांधे सैल असतील, तर पुढे जिन्याची पायरीही पुरते.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे तीन एक्स-रे निघायला हवेत : समोरून, बाजूने आणि गुडघा वाकवून घेतलेला ‘स्कायलाइन’. हा तिसरा बऱ्याचदा राहून जातो, तो आवर्जून सांगून काढून घ्या. एमआरआयही हवाच, कारण वाटी परत बसताना कूर्चेचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत आवरणाचा, तुकडा उडू शकतो. गुडघा मध्येच अडकत असेल तर ही शंका जास्त. मोठा तुकडा सुटलेला असेल तर ऑपरेशन लांबवत नाहीत.

तोवर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, 5 सेकंद धरायचा, असं 10 वेळा, दिवसातून 3 दा. मग कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. नितंबाच्या बाजूचे स्नायू दुबळे असले की पायरी उतरताना गुडघा आत पडतो. हे आरशासमोर, बुटक्या पाटावरून सावकाश उतरताना स्पष्ट दिसतं. वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंमीवर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि दर पंधरवड्याला लिहून ठेवा. मेडिकलमधली नी-कॅप धीर देते, पण सरकणारी वाटी धरून ठेवण्याचा भरवसा तिच्यावर ठेवू नका. गुडघा महिनोन् महिने बांधून ठेवला तर स्नायू आणखी वाळतात.

व्यायाम नीट करूनही वाटी सरकत राहिली, तर मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन नवा अस्थिबंध बसवतात. काहींच्या बाबतीत नडगीवरचा उंचवटा आत सरकवावा लागतो. पण हाडांची वाढपट्टी (हाड जिथून लांब होतं तो थर) उघडी असताना हा उंचवटा सरकवत नाहीत. पंधराव्या वर्षी हे एक्स-रेवर पाहूनच ठरतं.

गरब्याचं म्हणाल, तर सूज शून्य हवी, वाटी बाहेरच्या बाजूला ढकलली की मुलगी दचकता कामा नये आणि डाव्या पायावरची उडी उजव्या पायाच्या निदान 90 टक्के अंतर जायला हवी. तोवर फिरकी नाही. सरळ चालीचे टाळ्यांचे फेरेही तज्ज्ञांना विचारूनच. मैदानात पुन्हा वाटी सरकली आणि आपोआप बसली नाही, तर कुणालाही ती दाबू किंवा चोळू देऊ नका. आहे त्या स्थितीत पायाला आधार द्या, कापडात गुंडाळून बर्फ 15 मिनिटं ठेवा आणि दवाखान्यात न्या.

प्रश्न : वय 42. जिना चढताना गुडघ्यात कटकट वाजतं. वाटी सरकत असेल का?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : नुसता आवाज, दुखणं नाही, सूज नाही, तर काळजीचं कारण नाही. वाटी सरकणाऱ्याला पाय एकदम दगा देतो, आणि कुणी वाटी बाहेरच्या बाजूला ढकलू लागलं तरी तो पाय आखडून घेतो. असं होत असेल किंवा गुडघा सुजत असेल, तरच तपासून घ्या.