कोर्टातला बार आणि आग्वादचा बार

प्रश्न : भाची वकील झाली. वर्तमानपत्रात अभिनंदनाची जाहिरात द्यायची म्हणून मजकूर लिहिला, त्यात 'बारमध्ये प्रवेश' असे शब्द आले. आई म्हणते, लोक हसतील. बार कौन्सिल, दारूचा बार, आग्वादचा बार आणि हवामानवाल्यांचा मिलिबार, हे सगळे एकच का?
– एक वाचक, बेती

उत्तर : आईचं ऐका. 'वकिलीची सनद मिळाली' एवढंच छापा. आपल्या गोंयकारांच्या डोळ्यांना सवय 'बार अँड रेस्टॉरंट'च्या पाटीची, हसणारच.

शब्द मात्र निर्दोष आहे. माझी नोकरी कोर्टात स्टेनोची. 'बार' आणि 'बेंच' दिवसभर कानावर. बार म्हणजे मुळात आडवा दांडा. न्यायाधीशांची जागा आणि बाकीची मंडळी यांच्यामध्ये कठडा असे. त्या कठड्याशी उभं राहून बाजू मांडायचा ज्यांना अधिकार, ते बारचे. लंडनला बॅरिस्टर होणं म्हणजे 'कॉल्ड टू द बार'. १० जून १८९१ रोजी असं बोलावणं कोणाला आलं? गांधीजींना. पुढे दारूबंदीसाठी जन्मभर झटलेला माणूस! आपल्याकडे सनद देते महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली.

दारूचा बारही आडवाच : गिऱ्हाईक आणि बाटल्या यांच्यामधली फळी. फळीचं नाव खोलीला पडलं, खोलीचं दुकानाला.

आग्वादचा बार तुम्हा बेतीकरांना मी काय सांगणार? नदीच्या मुखाशी साचलेला वाळूचा आडवा बांध. पावसाळ्यात त्याच्यापायी मांडवीचं तोंड खनिजाच्या बार्जींना बंद होतं. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं आणि मुरगाव बंदर गाठायचं. (बार्जचा या बारशी काही संबंध नाही, नाव जुळतं एवढंच.)

कोर्टात आणखी एक ऐकाल : 'बार्ड बाय लिमिटेशन'. दाव्याला मुदत आडवी आली. १९६३चा मुदतीचा कायदा उघडायचा आणि पक्षकाराचा चेहरा बघायचा. इंग्रजीत बार म्हणजे 'वगळून' असाही अर्थ आहे. 'ऑल बार वन', म्हणजे एक सोडून सगळे. आमच्या एका नव्या टायपिस्टला ती टंकनाची चूक वाटली. त्याने 'बार'चं 'बट' केलं. बिघडलं काहीच नाही, अर्थ तोच राहिला.

मिलिबार तेवढा परक्या घरचा. तो ग्रीक 'बारोस'पासून आला, म्हणजे वजन. बॅरोमीटर त्याचा सख्खा भाऊ. एक बार म्हणजे एक लाख पास्कल, आणि मिलिबार त्याचा हजारावा भाग. समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी १०१३ मिलिबार धरतात. हल्लीच्या बातम्यांत 'हेक्टोपास्कल' ऐकू आलं तर गोंधळू नका, आकडा तोच असतो.