फ्लूची साथ आणि बाळाचा विचार : वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की मुंबईत एच१एन१ म्हणजेच स्वाइन फ्लूचे रुग्ण दिसू लागतात आणि बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्यांची पत्रे वाढतात. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. रोज डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटीला जाते. २००९ च्या साथीत गरोदर स्त्रिया दगावल्याचे सासूबाईंना आठवते. साथ ओसरेपर्यंत थांबा, असे त्या सांगतात. थांबावे का?

उत्तर : सासूबाईंची भीती निराधार नाही. त्या साथीत गरोदर स्त्रियांचा, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आजार अधिक गंभीर झाला. कारण पोट वाढते तसा फुफ्फुसांना पसरायला वाव कमी राहतो, हृदयावरचा भार वाढतो आणि प्रतिकारशक्तीतही बदल होतात. तरीही मी थांबायला सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २००९ मध्ये जाहीर केलेली ती महासाथ ऑगस्ट २०१० मध्ये संपली, पण विषाणू गेला नाही, आणि पस्तिशीनंतर दिवस राहण्याची शक्यता मात्र कमी होत जाते. म्हणून तयारी करून पुढे जा. फ्लूची लस दोघांनीही आताच घ्यावी, कारण तिचे संरक्षण मिळायला सुमारे दोन आठवडे लागतात. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून घ्यावे. दमा किंवा मधुमेह असल्यास तो आधी आटोक्यात आणावा. गर्दीच्या डब्यात नाक-तोंड नीट झाकणारा मास्क वापरावा, आणि गाडीतल्या कड्या धरलेले हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये.

प्रश्न : फ्लूची लस घेतली आणि आठ दिवसांनी गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह आली. बाळाला धोका आहे का?

उत्तर : दंडात टोचलेली लस असेल तर काळजी नको. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. ती गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात देतात. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते व गरोदरपणी टाळतात. ती घेतली असल्यास डॉक्टरांना सांगावे, पण केवळ तेवढ्यावरून गर्भपाताचा विचार मनात आणू नये.

प्रश्न : आम्ही याच महिन्यापासून प्रयत्न सुरू केले आणि मिस्टरांना फ्लू झाला. आता मलाही ताप आहे. पाळीला आठवडा आहे. औषध घेऊ का?

उत्तर : घ्या, आणि आजच डॉक्टरांना फोन करून ‘दिवस राहिले असू शकतात’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. मूल हवे म्हणून औषध टाळून ताप अंगावर काढणे, हेच मला सर्वांत धोक्याचे वाटते. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध गरोदरपणातही देतात. ते लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिल्यास रिपोर्टसाठी खोळंबू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत तीव्र तापही गर्भाला बरा नसतो; तो पॅरासिटामॉलने उतरवावा, आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. दोघेही बरे होईपर्यंत या महिन्याचे प्रयत्न बाजूला ठेवावेत. तापाने मिस्टरांच्या शुक्राणूंची संख्या काही काळ घटू शकते, म्हणून वीर्यतपासणी करायची असल्यास ती तीन महिन्यांनी करावी. धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा ग्लानी आली, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नका. चिंचपोकळीचे कस्तुरबा हे पालिकेचे साथरोग रुग्णालय आहे, पण अशा वेळी घराजवळ जे मोठे रुग्णालय असेल ते गाठा.