साडीचा रंग, फोनची बॅटरी आणि हिरवा बिल्ला

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

साड्यांच्या दुकानाच्या नव्या साइटसाठी केलेली तुझी यादी वाचली. थ्री-डी ट्रायल रूम, एआयने नेसवलेल्या साड्या, ग्रीन होस्टिंग म्हणजे स्वच्छ विजेवर चालणारे सर्व्हर, आणि पानाच्या तळाशी हिरव्या पानाचा बिल्ला. मालकांनी नव्या साइटला पैसे मंजूर केले हे ऐकून बरं वाटलं. पण सुरुवात कशापासून करू असं विचारलंस, तर यादीतल्या एकाही गोष्टीपासून नको. फोटोंपासून कर.

तुमचं पैठण्यांचं पान काल फोनवर उघडलं. वरचाच फोटो चार एमबीचा! कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलाय, सहा हजार पिक्सेल रुंद. फोनच्या पडद्याला हजार-बाराशे पुरतात. उरलेलं सगळं गिऱ्हाइकाचा डेटा खातं, टॉवरची वीज खातं, बॅटरी खातं आणि कुणाला दिसतही नाही. त्याखाली आणखी ढीगभर साड्या, आणि तिथवर कुणी पोचो न पोचो, त्यांचेही फोटो आधीच उतरून घेतलेले. फोटो नजरेच्या टप्प्यात आला की मगच मागवायचा, ही सोय 2019 पासून क्रोममध्ये आयती आहे. फोटोच्या टॅगमध्ये loading="lazy" एवढं लिहायचं, बस. फक्त सगळ्यात वरच्या फोटोला ते लावू नकोस, नाहीतर दारातच गिऱ्हाईक ताटकळेल.

आता जरा बारकाव्यात जातो, कारण इथे कपड्याचं दुकान आणि बाकीची दुकानं वेगळी पडतात. डेव्हलपर सांगेल, सगळे फोटो वेबपीत, म्हणजे हलक्या फाइलच्या एका फॉरमॅटात, टाकू, काम फत्ते. सरसकट हो म्हणू नकोस. नेहमीच्या, म्हणजे लॉसी (फाइल लहान करायला थोडी माहिती गाळणाऱ्या) वेबपीत उजेड-अंधाराची नोंद पूर्ण बारकाईने होते, पण रंगाची नोंद आडवी-उभी निम्मीच ठेवली जाते. डोंगराच्या किंवा माणसाच्या फोटोत हे कळतही नाही. पण हिरव्या अंगाला लाल काठ असेल, तर दोन रंग भिडतात तिथली कड फिसकटते आणि काठातली बारीक नक्षी मळल्यासारखी दिसते. एव्हीआयएफ या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये रंग पूर्ण बारकाईने ठेवता येतो. त्याची सेटिंग फोर-फोर-फोर अशी मागायची, न सांगता बहुतेक वेळा ती मिळत नाही. तेव्हा कॅटलॉगमधल्या छोट्या फोटोंना वेबपी चालेल, काठ-पदराच्या क्लोजअपला एव्हीआयएफ घे. ते तयार व्हायला वेळ लागतो, पण फोटो एकदाच तयार होतो आणि हजारदा पाहिला जातो.

एवढी काटेकोरी कशाला, असं वाटेल. परत आलेल्या मालाची वही काढ आणि ‘रंग वेगळा निघाला’ असा शेरा किती ठिकाणी आहे ते बघ. अशी प्रत्येक साडी गाडीने दोनदा फिरलेली असते. पुन्हा घडी, पुन्हा इस्त्री, पुन्हा प्लास्टिकची पिशवी. ते वाचवायचं सोडून फोटोतले शेवटचे पन्नास केबी पिळत बसणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पान हलकं कर, पण साडीबद्दल खरं सांगणारा एकही पिक्सेल कापू नकोस. तुझ्या धंद्यात ग्रीन कंप्युटिंग, म्हणजे पर्यावरणाला कमी भार देणारी संगणकी कामं, म्हणजे मला तरी एवढंच दिसतं.

दुकानातले जुने सेल्समन साडी घेऊन दाराशी उजेडात जातात, बघितलंयस ना? फोटो तिथेच काढ. धूपछाव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, त्यामुळे कोन बदलला की रंग पालटतो. तिचा एकच फोटो दाखवणं म्हणजे निम्मी साडी लपवणं. दोन कोनांतून दोन फोटो घे, आणि तिसरा पदराच्या उलट्या बाजूचा. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. जाणकार बाई दुकानात पहिल्यांदा पदर उलटूनच बघते. या एका फोटोसाठी शंभर केबी खर्च झाले तरी खुशाल होऊ दे.

थ्री-डीचं म्हणशील तर लंडनच्या बू डॉट कॉमची हकिगत वाच. नोव्हेंबर 1999 मध्ये फॅशनची ही साइट सुरू झाली. कपडे फिरवून बघायची सोय, सल्ला द्यायला ‘मिस बू’ नावाची कार्टून बाई, सगळा थाट. आणि गिऱ्हाईक टेलिफोनच्या तारेवरच्या संथ डायल-अप मोडेमवर. मे 2000 मध्ये कंपनी बुडाली, सुमारे साडेतेरा कोटी डॉलर घेऊन. पानाच्या वजनाखेरीजही कारणं होती, पण पानच उघडेना ही तक्रार पहिल्या दिवसापासूनची. आज वेबजीपीयूमुळे, म्हणजे ब्राउझरला ग्राफिक्स चिप वापरू देणाऱ्या सोयीमुळे, ब्राउझरमध्ये बरंच काही जमतं, मान्य. चष्मा, घड्याळ, बूट ठीक. नऊवारीच्या निऱ्या फोनवर नीट पडतील यावर माझा विश्वास नाही, आणि तोवर फोन मात्र तव्यासारखा तापलेला असेल.

फोनवरून आणखी एक. स्मार्टफोनच्या आयुष्यभराच्या कार्बनचा मोठा भाग तो बनवतानाच खर्च होतो. जड साइट जुन्या फोनवर अडखळली की माणूस साइटला दोष देत नाही, नवा फोन घेतो. तुझी साइट पाच वर्षं जुन्या स्वस्त अँड्रॉइडवर सुरळीत चालली, तर ते कुठल्याही ग्रीन होस्टिंगइतकंच मोलाचं. ॲप काढून गिऱ्हाइकाला तिकडे ढकलायचा मोहही टाळ. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मिंत्राने मे 2015 मध्ये वेबसाइट बंद करून ‘फक्त ॲप’ केलं होतं, 2016 मध्ये त्यांना साइट परत आणावी लागली.

होस्टिंगचं थोडक्यात. भारतातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाची. सौरवीज दुपारी भरपूर, रात्री शून्य. म्हणून फोटोंचे फॉरमॅट बदलणं, कॅटलॉगचा सर्च नव्याने बांधणं असली जड कामं सवयीने रात्री लावू नकोस. सर्व्हर मोकळा असेल तर दुपारी बारा ते तीन लाव. पैसा लागत नाही.

आणि तो हिरवा बिल्ला नकोच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘हरित’, ‘इको-फ्रेंडली’ असं लिहिलंत तर पुरावा द्यावा लागतो. त्यापेक्षा साडी कुठे विणली, कोणत्या मागावर, जरीचा धागा कसला, हे लिहा.

मालकांपुढे जाताना ‘पर्यावरण’ हा शब्द शेवटी काढ. आधी परतीची वही ठेव, मग जुन्या फोनवर पान उघडून दाखव. डेव्हलपरच्या करारात मात्र स्पष्ट लिहून घे: साडीचं पान पहिल्यांदा उघडताना एक एमबीच्या आत, व्हिडिओ आपोआप सुरू होणार नाही, आणि चॅट-जाहिरातींचा कुठलाही नवा टॅग (पानात घालायचा बाहेरचा कोड) तुला विचारल्याशिवाय चढणार नाही. शेवटच्या अटीवर जाहिरातवाले कुरकुर करतील. ती सोडू नकोस.

लग्नसराईच्या आधी पाच-सहा पानं तयार झाली तर लिंक पाठव, सवडीने बघतो. आईला नमस्कार.

तुझा,
काका