आईला गेलेला परस्पर निरोप

प्रिय मैत्रीण,

तुमचे पत्र दोनदा वाचले. गेल्या वर्षी ठरलेले लग्न मोडल्यावर पुण्यातल्या फ्लॅटसाठी तुम्ही रूममेट शोधलीत, पहिले तीन महिने तिने तुम्हांला अक्षरशः सावरले, मग तुमच्यासारखेच कुर्ते आणि तुमच्यासारखेच कापलेले केस दिसू लागले, आणि अलीकडे तुमच्याच फोनवरून तिने तुमच्या आईला ‘कामात आहे, नंतर बोलते’ असा निरोप परस्पर पाठवल्याचे उघड झाले. त्यातच मागच्या रविवारी तुम्ही ‘सिंगल व्हाइट फीमेल’ पाहिलात आणि आता विचारता आहात, ‘ताई, मी उगाच घाबरते आहे, की आधीच घाबरायला हवे होते?’

बार्बे श्रोडर यांचा हा १९९२ सालचा चित्रपट पाहणाऱ्याला सहसा आठवतात ते केस. न्यूयॉर्कमध्ये राहणारी ॲली नियोजित नवऱ्याशी बिनसल्यावर जाहिरात देऊन घरात सोबतीण घेते, आणि ती सोबतीण, हेडी, एके दिवशी हुबेहूब ॲलीसारखे केस करून समोर उभी राहते. प्रसंग अंगावर येतो, यात शंका नाही. परंतु माझ्या मते चित्रपटातली खरी धोक्याची खूण ती नव्हे. ॲलीशी समेट करू पाहणाऱ्या सॅमचा, म्हणजे त्या नियोजित नवऱ्याचा, फोनवरचा निरोप हेडी तिला न सांगता पुसून टाकते, आणि पुढे ॲलीवर हात टाकणाऱ्या, तिच्या कामातल्या एका ग्राहकाला ती परस्पर फोन करून धमकावते. दुसऱ्या वेळी तर आपण प्रेक्षकही मनातून खूश होतो, कारण तो माणूस त्याच लायकीचा असतो. आपल्या भाषेत या वागण्याला नेमका शब्द आहे, ‘परस्पर’, आणि तुमच्या पत्रात तो तुम्ही स्वतःच वापरला आहे. केसांचे अनुकरण कौतुकापोटी होऊ शकते आणि एकटेपणापोटीही. माझ्या पिढीतल्या मैत्रिणींनी तर एकाच ठाणातले कापड घेऊन ब्लाउज शिवले आहेत. आईला गेलेला तो निरोप मात्र कौतुकात बसत नाही.

जिथे चित्रपटावर विश्वास ठेवू नये, ती जागाही सांगते. लहानपणी बुडून गेलेली जुळी बहीण हे हेडीच्या वागण्याचे कारण म्हणून पुढे येते आणि कथा खुनांपर्यंत जाते; थरारपटाला असे सोयीचे कारण आणि असा शेवट लागतोच. प्रत्यक्षात, कोणी आपल्याला सोडून जाईल या भीतीने दुसऱ्याला घट्ट धरून ठेवणारी माणसे सहसा मारेकरी नसतात, आणि मानसिक त्रास असलेल्या बहुतेकांचा हिंसेशी काही संबंधही नसतो. तेव्हा तिच्या आजाराचे नाव शोधू नका. ते तुमचे काम नाही, आणि एका पत्रावरून सांगणे माझेही नाही.

तुम्ही पाहायचे ते एवढेच, की ‘नाही’ ऐकल्यावर ती काय करते. दिवसाउजेडी, दोघी शांत असताना, तिला सांगा, ‘माझ्या फोनवरून माझ्या माणसांना तू निरोप पाठवलास, हे मला चालणार नाही.’ केसांचा विषय काढू नका आणि चित्रपटाचा तर मुळीच नको. ती ओशाळली, रडली, दोन दिवस अबोला धरला, तर ते माणसासारखे वागणे झाले. पण तिने ते नाकारले, तुमच्या इतर मैत्रिणींविषयी विष कालवले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर तिथे राहणे हा त्यावरचा उपाय नाही. अशा वेळी तिच्या घरच्यांना लगेच कळवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, बोला. तिथे तुम्हीही फोन करू शकता आणि तीही. प्रसंग तातडीचा असेल तर ११२.

बोलण्याआधी फोनचा पिन बदला, तिचे बोट नोंदवलेले असेल तर ते काढा, आणि व्हॉट्सॲपमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, हे पाहून घ्या. तुम्ही पोलिसांविषयीही विचारले आहे. भारतीय न्याय संहितेतले पाठलागाचे ७८वे कलम केवळ पुरुष आरोपीला लागू होते, त्यामुळे ते येथे उपयोगाचे नाही; धमकीसाठी ३५१ आहे, आणि दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ सी. आज मी तुम्हांला यांपैकी कशाकडेही पाठवणार नाही, परंतु तो निरोप पुसू नका. घर सोडायचे ठरलेच, तर भाडेकराराची मुदत, नोटिशीचा काळ आणि डिपॉझिट कोणाच्या नावाने आहे, हे आधी वाचा आणि घरमालकाला लेखी कळवा. रात्रीत सामान उचलून निघून जाण्याने तिची भीती खरी ठरेल आणि तुमचे पैसेही अडकतील.

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे: त्या तीन महिन्यांत फोन घेणे, डबा सांगणे, नातेवाइकांना टाळणे हे सारे तुम्हीच तिच्यावर सोपवले होते. मी दोष देत नाही. मोडलेल्या लग्नानंतर ‘ती झोपली आहे’ असे कोणीतरी परस्पर सांगावे, असे कोणालाही वाटते. मात्र ती परवानगी संपली, हे तिला कोणीच सांगितलेले दिसत नाही. आज रात्री आईला स्वतः फोन करा, आणि तो निरोप कोणी लिहिला होता, ते तिला सांगा.

तुमची,
ताई